क्लचची तार जड का होते?

जुन्या मोटारींचे प्रदर्शन तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. चकचकीत दिवे, लांबलचक बॉनेट आणि चाकांवरच्या रुंद पंखांच्या त्या रांगेत कधीकधी एक बुटकी, गोलमटोल, कासवाच्या पाठीसारख्या आकाराची गाडी उभी असते. ती जर्मनीत जन्मलेली फोक्सवॅगन बीटल. बीटल म्हणजे भुंगेरा. १९३८ पासून ३० जुलै २००३ पर्यंत अशा २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. शेवटची गाडी मेक्सिकोतील पुएब्ला येथील कारखान्यातून बाहेर पडली. आपल्याकडे ही गाडी कधीच मोठ्या संख्येने नव्हती, पण हौशी मंडळींनी जपून ठेवलेल्या काही बीटल आजही धावतात.

समजा, अशाच एका बीटलच्या मालकांनी तुम्हाला चालकाच्या जागेवर बसू दिले. गाडी बंद आहे. तुम्ही डाव्या पायाने क्लचचे पेडल दाबता. ते जेमतेम हलते. आणखी जोर लावता तेव्हा कर्रर्र असा आवाज करीत ते खाली जाते आणि पाय काढल्यावर मागे यायलाही कुरकुर करते. मालक हसून म्हणतात, “क्लच जरा हार्ड झालाय. पण पायाला सवय झाली की काही वाटत नाही.”

आता असा विचार करा. पेडल जड झाले म्हणजे नेमके काय झाले? आणि “पायाला सवय झाली” हे उत्तर शहाणपणाचे आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला घर्षणाचा एक असा नियम भेटेल, की जो तुमच्या सायकलच्या ब्रेकलाही लागू आहे.

पेडल पुढे, इंजिन मागे

बहुतेक जुन्या मोटारींचे इंजिन पुढे असते. बीटलचे मागे, डिकीच्या जागी असते. गिअरपेटी व क्लचही तिथेच. चालकाचे पाय मात्र गाडीच्या पुढच्या भागात. पायाचा जोर मागपर्यंत पोचवायचा, तर मध्ये सुमारे दोन मीटरचे अंतर आहे. बीटलमध्ये हे काम पोलादी तार करते. गाडीच्या तळाच्या मधोमध, पुढून मागे जाणारा एक पोकळ उंचवटा असतो. त्याच्या आत बसवलेल्या एका पोलादी नळीतून क्लचची तार मागे जाते. तिचे एक टोक पेडलच्या आकड्यात अडकवलेले असते आणि दुसरे टोक गिअरपेटीच्या बाजूला असलेल्या क्लचच्या दांड्याला जोडलेले असते. अॅक्सिलरेटरची तारही याच उंचवट्यातून मागे कार्ब्युरेटरपर्यंत जाते.

सुरुवातीच्या बीटलमध्ये तर ब्रेकदेखील तारांवरच चालत. पण चार चाकांना चार तारा, आणि प्रत्येक तारेतील घर्षण वेगळे. मग एक चाक आधी धरायचे, दुसरे उशिरा, आणि गाडी एका अंगाला ओढली जायची. परदेशात पाठवायच्या बीटलना १९५० पासून तेलाच्या दाबावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक मिळाले. बंदिस्त द्रवात दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. क्लच मात्र तारेवरच राहिला. तार स्वस्त, हलकी, आणि रस्त्याच्या कडेला बसून बदलता येण्याजोगी, हे तिचे गुण.

तारेच्या आत काय असते?

तुमच्या सायकलच्या ब्रेकची तार नीट पाहा. (काळ्या रंगाच्या, उंच जुन्या सायकलींना तारेऐवजी सळईचे ब्रेक असतात. त्या सोडून द्या.) वरून दिसते ते प्लॅस्टिकचे काळे आवरण. त्याच्या आत पोलादी तारेची वेटोळी एकमेकींना चिकटून गुंडाळलेली असतात. म्हणजे ही एक न ताणलेली, घट्ट स्प्रिंगच होय. मेकॅनिक तिला ‘आउटर’ म्हणतात. तिच्या पोकळीतून बारीक पोलादी तारांचे अनेक पेड पिळून केलेली तार जाते, तिला ‘इनर’ म्हणतात. या जोडगोळीचे पेटंट अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन (१८६० ते १९०४) यांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये मिळवले. तिचा पहिला मोठा उपयोग सायकलच्या ब्रेकसाठीच झाला. आजही इंग्रजी भाषक तिला बोडन केबल म्हणतात.

तार ही फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. हे सर्वांना ठाऊक असते. पण आउटर कशासाठी? केवळ धूळ लागू नये म्हणून नव्हे. न्यूटनचा तिसरा नियम आठवा. इनर जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढ्याच जोराने आउटर दाबले जाते. आउटरची वेटोळी एकमेकींना टेकलेली असल्यामुळे ती आणखी दाबली जाऊ शकत नाहीत, मात्र वाकू शकतात. म्हणूनच हँडल कितीही फिरवले तरी ब्रेक आपोआप लागत नाही. आउटर वाकले तरी त्याची मधली लांबी तीच राहते, आणि इनरला लागणारी लांबीही तीच राहते. ताणणारी तार आणि दाबले जाणारे आवरण, या दोघांनी मिळून जोर वळणावळणाने नेता येतो. सळया आणि तरफा यांच्या जुन्या रचनेपेक्षा हे किती सोपे!

पण या सोयीची एक किंमत मोजावी लागते. ती म्हणजे घर्षण.

चक्रवाढ घर्षण

सरळ नळीतून जाणारी सैलशी तार नळीला फारशी घासत नाही. ती वळली की गोष्ट बदलते. ताणलेली तार सरळ होऊ पाहते, त्यामुळे वळणाच्या आतल्या बाजूला ती नळीच्या भिंतीवर दाबली जाते. ताण जितका जास्त तितका हा दाब जास्त, आणि दाब जितका जास्त तितके घर्षण जास्त.

आता एका वळणाचे लहान लहान तुकडे पाडा. समजा, तार अर्धे वर्तुळ, म्हणजे १८० अंश वळते आहे. त्याचे दहा-दहा अंशांचे अठरा तुकडे झाले. पलीकडच्या टोकाला काही वजन ओढायचे आहे. पहिल्या तुकड्यात घर्षणामुळे थोडा जादा ताण द्यावा लागतो. दुसऱ्या तुकड्यात तार या वाढलेल्या ताणाने भिंतीवर दाबली जाते, म्हणून तिथले घर्षण पहिल्यापेक्षा थोडे अधिक. तिसऱ्यात त्याहून अधिक. ही रीत तुम्ही अंकगणितात पाहिली आहे. मुद्दलावर व्याज आणि व्याजावरही व्याज! वळणातील घर्षण बेरजेने वाढत नाही, चक्रवाढ व्याजासारखे गुणाकाराने वाढते.

व्याजाचा दर ठरतो घर्षणगुणांकावरून. पोलादी तार पोलादी नळीत चांगल्या ग्रीसमध्ये सरकत असेल तर घर्षणगुणांक ०.१५ धरू. मग प्रत्येक दहा अंशांचा ‘दर’ शेकडा सुमारे २.६५ पडतो. ग्रीस सुकून गेले, पोलादावर पोलाद कोरडे घासू लागले, तर घर्षणगुणांक ०.५ धरू. आता दर शेकडा ९ च्या वर जातो. या दोन दरांनी किती वळणात किती पट जोर लागेल, ते पाहा :

९० अंशांचे वळण : ग्रीस असताना १.२७ पट, कोरडे असताना २.१९ पट.
१८० अंशांचे वळण : ग्रीस असताना १.६० पट, कोरडे असताना ४.८१ पट.
३६० अंशांचे वळण : ग्रीस असताना २.५७ पट, कोरडे असताना २३ पट!

दर साडेतीन पटही झालेला नाही. पण पूर्ण फेऱ्याच्या वळणात परिणाम अडीच पटीवरून तेवीस पटीवर गेला. चक्रवाढीची हीच गंमत आहे, आणि हाच धोका.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी गणित असे : वळणाचा कोन रेडियनमध्ये घ्या, त्याला घर्षणगुणांकाने गुणा, आणि २.७१८ या संख्येचा तेवढा घात काढा. येणारे उत्तर म्हणजे वरची ‘पट’. हा नियम लिओनार्ड ऑयलर (१७०७ ते १७८३) आणि योहान आयटेलवाइन (१७६४ ते १८४८) यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात वळणाची त्रिज्या कुठेच येत नाही, हे ध्यानात घ्या. वळण मोठे असो की लहान, कोन सारखा असेल तर पटही सारखीच.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर लाँच लागते तेव्हा खलाशी काय करतो, ते आठवा. तो दोरखंडाचे दोन-तीन फेरे धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला देतो आणि मोकळे टोक एका हाताने धरून एवढी मोठी लाँच थोपवतो. ऑयलरचा हाच नियम तिथे त्याच्या मदतीला असतो. तारेच्या बाबतीत मात्र तोच नियम आपल्या विरुद्ध काम करतो.

जाताना गुणाकार, येताना भागाकार

आता आपण खऱ्या धोक्यापाशी आलो आहोत. क्लचचा दांडा हलवायला तारेत ३० किलोग्रॅम-भार इतका ताण लागतो असे समजू, आणि वाटेतली सगळी वळणे मिळून १८० अंश भरतात असे धरू. ग्रीस असताना पेडलकडच्या टोकाला ४८ किलोग्रॅम-भार ताण द्यावा लागेल. तार कोरडी पडली तर १४४! पेडल ही तरफ असल्यामुळे पायाला यापेक्षा कमी जोर लागतो, पण पट तीच राहते. माणसाचा पाय बलवान आहे. तो कुरकुरत का होईना, हा जास्तीचा जोर देतो. त्याला सवयही होते, कारण तार एका दिवसात जड होत नाही. ती रोज थोडी थोडी जड होत जाते. म्हणून रोज गाडी चालवणाऱ्याला दोष कळत नाही, आणि नवख्याला पहिल्याच क्षणी कळतो.

पण पाय काढल्यावर काय होते? तार मागे ओढण्याचे काम आता पलीकडच्या स्प्रिंगला करायचे असते. घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असते, म्हणून परतीच्या वाटेवर ते स्प्रिंगला विरोध करते. जाताना ज्या संख्येने गुणले, येताना त्याच संख्येने भागावे लागते. क्लचची स्प्रिंग जोरकस असते, ती बहुधा निभावून नेते. अॅक्सिलरेटरची स्प्रिंग मात्र नाजूक. ती १ किलोग्रॅम-भार ओढते असे समजा. ग्रीस असताना पेडलपर्यंत तिचा ०.६ किलोग्रॅम-भार पोचेल. कोरड्या तारेत जेमतेम ०.२. एवढ्याने पेडल वर येईलच असे नाही. चालकाने पाय उचललेला, आणि इंजिन मात्र जोरात चाललेले! समोर वळण असेल, शाळा सुटलेली असेल, तर काय होईल हे सांगायला नको. अशा वेळी क्लच दाबून इंजिनाचा चाकांशी संबंध तोडावा, ब्रेक लावून गाडी बाजूला घ्यावी आणि मगच इंजिन बंद करावे, असे जाणकार सांगतात. पण ती वेळच येऊ नये, हे बरे.

यातून एक सोपी कसोटी मिळते. तार चांगली आहे की नाही, हे ती ओढून ठरवू नका, सोडून ठरवा. ओढताना आपला जोर दोष झाकून टाकतो. सोडल्यावर जी तार झटकन, एका दमात परत येते, तीच निरोगी. तुमच्या सायकलचा ब्रेक दाबून सोडा. दांडा लगेच जागेवर येतो, की आळसावल्यासारखा हळूहळू येतो?

करून पाहा

सायकलच्या दुकानातून ब्रेकची एक जुनी तार, आउटर व इनरसह, मागून आणा. वापरातल्या सायकलची तार काढू नका. तारेचे तुटके पेड सुईसारखे बोटात शिरतात, म्हणून हाताला जाड फडके गुंडाळा. एक लिटर पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली म्हणजे जवळजवळ १ किलोग्रॅम वजन झाले. प्रयोगशाळेतला ताणकाटा शिक्षकांकडून मागून घ्या.

एका लाकडी फळीवर आउटर उलट्या ‘यू’ अक्षरासारखे वाकवून सुतळीने पक्के बांधा, म्हणजे त्याची दोन्ही टोके खाली येतील. फळी उभी धरा. इनरच्या एका टोकाला बाटली टांगा आणि दुसऱ्या टोकाला ताणकाटा अडकवून सावकाश खाली ओढा. बाटली हळू, सारख्या वेगाने वर चढत असताना काटा काय दाखवतो ते लिहून ठेवा. नंतर तितक्याच हळू बाटली खाली उतरू द्या आणि पुन्हा वाचा. पहिले वाचन १ किलोग्रॅमपेक्षा जास्त येईल, दुसरे कमी. दोन्ही वाचनांचा गुणाकार करा. नियम खरा असेल तर तो वजनाच्या वर्गाइतका, म्हणजे आपल्या प्रयोगात १ च्या आसपास यायला हवा. का, ते तुम्हीच ताडून पाहा. जाताना गुणाकार आणि येताना भागाकार, एवढे आठवले की पुरे.

आता आउटरला एक पूर्ण वेढा द्या आणि तेच करा. मग तारेत तेलाचे काही थेंब सोडून, ती पाच-दहा वेळा मागेपुढे सरकवून पुन्हा वाचने घ्या. शेवटी वेढा आधी मोठा आणि नंतर लहान करून पाहा. वाचनांत फारसा फरक पडणार नाही. पण वेढा फारच लहान केला तर मात्र जोर वाढलेला दिसेल. याची दोन कारणे. एक, तार स्वतःच वाकायला विरोध करते आणि त्यातही जोर खर्च होतो. दुसरे, कोन तोच असला तरी लहान वळणात सगळा दाब थोड्याशा जागेवर एकवटतो. तिथे तार आउटरमध्ये रुतते, झिजते, ग्रीस पिळून बाहेर निघते. म्हणूनच अनुभवी मेकॅनिक तार बसवताना तिला ऐसपैस वळण देतात आणि चिमटल्यासारखे वळण कुठेही राहू देत नाहीत.

दोष शोधावा कसा?

आता त्या बीटलकडे परत येऊ. जड क्लचचे दुखणे कुठे आहे? पेडलमध्ये, तारेत, की खुद्द क्लचमध्ये? नुसते तेल ओतून ‘बघू काय होते’ असे म्हणणे म्हणजे तपासणी न करता औषध देण्यासारखे आहे. शास्त्रज्ञ जे करतात तेच चांगला मेकॅनिक करतो. तो साखळीचे दुवे एकेक करून सुटे करतो.

गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना ठोकळे लावून आणि केवळ जॅकवर नव्हे तर पक्क्या आधारावर तोलून तो खाली जातो. गिअरपेटीजवळ तारेच्या टोकाला, पंखासारखे दोन कान असलेला एक नट असतो. तो काढला की तार क्लचपासून सुटते. आता पेडल हाताने दाबून पाहायचे. ते लोण्यासारखे हलले, तर पेडल आणि तार दोन्ही निर्दोष, दुखणे क्लचमध्येच आहे. ते अजूनही जड असेल, तर तार पेडलच्या आकड्यातून सोडवायची. एकटे पेडल जड असेल, तर त्याच्या आसातले ग्रीस सुकले आहे किंवा तिथे गंज धरला आहे. पेडल सैल आणि तारच मागेपुढे सरकेना, तर चोर सापडला.

तार जड होण्याची कारणेही ठरावीकच असतात. पहिले कारण गंज. आउटरच्या उघड्या टोकातून पावसाचे पाणी आत शिरते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तारेभोवतीची फट भरून जाते, आणि खडबडीत पृष्ठभागामुळे घर्षणगुणांकही वाढतो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात हे फार लवकर घडते. दुसरे कारण धूळ. ग्रीसमध्ये धूळ मिसळली की तिचा घासण्याचा मसाला बनतो. तिसरे कारण तुटलेला पेड. वारंवार वाकून पोलाद थकते, एखादा बारीक पेड तुटतो आणि त्याचे टोक नळीत आकड्यासारखे अडकते. चौथे कारण बीटलच्या मालकांना चांगलेच परिचयाचे आहे. मधल्या उंचवट्यातील नळीचा जोड कधीकधी सुटतो. मग दर खेपेला नळीच वाकते, पेडल नीट जुळवता येत नाही आणि नवी तारही पुनःपुन्हा तुटते. तिथे तार बदलून काय उपयोग? जोड पुन्हा पक्का करावा लागतो.

तार बाहेर काढल्यावर ती रॉकेलने धुऊन घ्यावी आणि फडक्यातून सरकवावी. फडके कुठे अडकले तर तिथे पेड तुटलेला आहे. अशी तार पुन्हा बसवू नये, मग ती कितीही चांगली दिसो. धड तार असेल तर सबंध लांबीला ग्रीस लावून ती आत सरकवतात. एक सूचना मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. अलीकडच्या पुष्कळ तारांच्या आउटरला आतून टेफ्लॉनसारख्या गुळगुळीत प्लॅस्टिकचे अस्तर असते. त्यांना जाड ग्रीस नको, तिथे ते घट्ट होऊन उलट अडथळाच करते. बनवणाऱ्याने सांगितले असेल तेच वंगण वापरावे.

शेवटी तोच नट फिरवून तारेचा ढिलेपणा ठरवायचा. बीटलचे क्लचचे पेडल सुरुवातीचे १० ते २० मिलिमीटर अगदी सहज, काहीही न ओढता हलले पाहिजे. तार फार ताठ ठेवली तर क्लच कायम किंचित दाबलेला राहतो आणि घसरून झिजतो. फार सैल ठेवली तर तो पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना दातांचा आवाज येतो.

एक वळण मुद्दाम ठेवलेले

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, वळण म्हणजे घर्षण. तर मग वळण ठेवूच नये, तार सरळ न्यावी. बीटलच्या अभियंत्यांनी नेमके उलटे केले आहे. मधली पोलादी नळी जिथे संपते, तिथून गिअरपेटीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात तार एका लवचिक आउटरमधून जाते. हे आउटर सरळ नसते, किंचित खाली झुकलेले असते. झुकाव किती असावा, हेही ठरलेले आहे : २५ ते ४५ मिलिमीटर. तो कमी पडला, तर आउटरच्या टोकाशी वॉशर घालून वाढवतात.

असे का? इंजिन आणि गिअरपेटी रबराच्या आधारांवर बसवलेली असतात, कारण त्यांची थरथर गाडीत पोचू नये. क्लच धरू लागला की हे सगळे ओझे थोडे हलते. सरळ, मोकळी तार असती, तर या हालचालीचा तिला हिसका बसला असता. त्या हिसक्याने क्लच पुन्हा सुटला असता, ओझे मागे आले असते, क्लच पुन्हा धरला असता, आणि गाडी दचके देत, थरथरत निघाली असती. झुकलेल्या आउटरमुळे गिअरपेटीला हलायला मोकळीक मिळते, आणि त्या वळणातले थोडेसे घर्षण हे दचके गिळून टाकते. झुकाव कमी तर गाडी थरथरते. झुकाव जास्त तर पेडल जड होते आणि तार झिजते.

म्हणजे घर्षण हा केवळ शत्रू नव्हे. ते किती आणि कुठे असावे, हे ठरवून ठेवलेले असते. म्हणून जड क्लच हलका करायच्या भरात कुणी ते आउटर ताणून सरळ केले, तर एक दुखणे जाऊन दुसरे येते. दुरुस्ती करणाऱ्याने आधी रचना समजून घ्यायची असते, ती यासाठीच.

घरी जाल तेव्हा

बीटल तुमच्या दारात नसेल. पण सायकल आहे, घरात स्कूटर किंवा मोटरसायकल असेल. अनेक दुचाकींचा क्लच, पुढचा ब्रेक आणि अॅक्सिलरेटर अजूनही तारेवर चालतो. जुन्या स्कूटरच्या डाव्या मुठीत तर गिअरदेखील तारांनीच बदलत. पावसाळा सुरू होण्यापूर्वी आणि तो संपल्यावर, वर्षातून दोनदा, इंजिन बंद असताना प्रत्येक दांडा दाबून सोडून पाहा. अॅक्सिलरेटरची मूठ पिळून सोडा. हँडल डावीकडे पूर्ण वळवून, नंतर उजवीकडे पूर्ण वळवून तेच करा, कारण वळणाचा कोन वाढला की चक्रवाढही वाढते. एका बाजूला जरी मूठ आळसावली, तरी मोठ्यांना सांगा आणि गाडी मेकॅनिककडे न्यायला लावा. तारेचा खर्च किरकोळ असतो.

आणि त्या बीटलच्या मालकांना काय सांगाल? “काका, पायाला सवय झाली म्हणजे तार बरी झाली असे नव्हे. पेडल दाबून नका पाहू, सोडून पाहा.” बहुधा ते हसतील. पण घरी जाऊन एकदा करून पाहतील, आणि एवढे झाले तरी पुष्कळ.